पायलीभर म्हणजे किती

सरांच्या हातात कधी काही द्यायचं नाही, हे मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कळलं. मी शिक्षकांच्या खोलीत पेरू खात बसलो होतो. सर समोर येऊन उभे राहिले आणि त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं फोड मागताहेत, म्हणून मी जवळचा दुसरा अख्खा पेरूच दिला. त्यांनी तो तळहातावर दोनदा झेलला, डोळे मिटले आणि विचारलं, "किती?"

"दोनच आणले होते," मी म्हणालो.

"तसं न्हाय. हा जागा किती खातोय?"

पेरू जागा खातो हे मला नवीन होतं. माझ्या समजुतीप्रमाणे खाण्याचं काम आपलं होतं. सर मला हाताला धरून प्रयोगशाळेत घेऊन गेले. तिथं एक तोटीचं भांडं काठोकाठ भरलेलं होतं. त्यांनी माझा पेरू त्यात टाचणीनं दाबून बुडवला, तोटीतून सांडलेलं पाणी काचेच्या मोजपात्रात धरलं, डोळा पाण्याच्या रेषेत आणून आकडा वाचला आणि ओला पेरू मला परत दिला. "एकशे बारा घन सेंटिमीटर. आता खा. आता तुम्ही काय खाताय ते तुम्हाला ठाऊक हाय."

मी तो पेरू खाल्ला, पण खरं सांगायचं तर मजा गेली होती.

ही साठीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. कोल्हापुरातलं आमचं हायस्कूल, त्याला जोडून खेड्यापाड्यांतल्या मुलांसाठी बोर्डिंग. मी मराठी शिकवायचो आणि एकटा जीव म्हणून बोर्डिंगातच राहायचो. सर शास्त्र शिकवायचे. वर्गात पुस्तकी मराठी बोलायचे, "वस्तुमान भागिले आकारमान" वगैरे, आणि प्रयोग रंगात आला की थेट शिरोळकडची बोली सुरू व्हायची. ठेंगणे, डोक्यावर काळी टोपी, कोटाचा एक खिसा कायम फुगलेला. त्या खिशात दोरी, फूटपट्टी आणि एखादा बटाटा असायचा. सायकलच्या हॅंडलला अॅल्युमिनियमचं लिटरचं माप लटकलेलं. ते घंटीपेक्षा मोठ्यानं वाजायचं, त्यामुळे सरांनी घंटी कधी बसवलीच नाही.

जगात दोनच प्रश्न आहेत असं त्यांचं मत होतं. जागा किती, आणि भार किती. ही दोन उत्तरं मिळाली की वस्तू तुमच्याशी खोटं बोलू शकत नाही. "डोळ्याला विचारू नका, भांड्याला विचारा," हे वाक्य त्यांच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या कानात आजही वाजत असेल. माझ्या तर वाजतंच.

आठवीच्या वर्गाला ते पहिल्या दिवशी वही आणायला सांगत नसत. प्रत्येकानं आपापल्या गावचा एक दगड आणायचा. मग महिनाभर ते दगड दोऱ्यानं बांधून पाण्यात सोडायचे, वजन करायचं, भागाकार करायचा. त्या दगडांचं एक कपाट होतं. पन्हाळ्याकडचा, आजऱ्याकडचा, नृसिंहवाडीच्या घाटाखालचा गुळगुळीत, अशा प्रत्येकावर चिठ्ठी आणि आकडा. गगनबावड्याच्या एका पोरानं जांभ्याचा तुकडा आणला होता. तो पाण्यात पडल्यावर पाव तास बुडबुडे सोडत राहिला आणि दर मिनिटाला आकडा बदलत गेला. दुसरा कुणी मास्तर वैतागला असता. सरांनी सगळा वर्ग त्या भांड्याभोवती उभा केला आणि सांगितलं, "हा दगड अजून श्वास घेतोय, त्याला गडबड करू नका."

बाजारात मात्र त्यांना बघून लोक रस्ता बदलायचे. आमच्याकडे संध्याकाळी गवळी म्हशी घेऊन गावात येतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ दूध देतात. कोल्हापुरी माणूस त्या फेसावर जीव टाकतो. सर फेसाला दूध मानायला तयार नव्हते. फेस म्हणजे हवा, हवेला माप कसं लावता, असं म्हणून ते आपलं लिटरचं माप धरून फेस बसायची वाट बघत उभे राहायचे. मागे रांग वाढायची. एकदा गवळी न राहवून म्हणाला, "सर, फेस बसंस्तवर म्हस बसंल की." सर म्हणाले, "बसू दे. बसलेल्या म्हशीची उंची घ्यायला सोपी." गवळ्यानं दुसऱ्या दिवसापासून त्यांना अर्धा पावशेर जास्त घालायला सुरुवात केली, आणि ते जास्तीचं दूध किती हे सर रोज मोजून त्याला सांगत राहिले.

काकूंची, म्हणजे त्यांच्या पत्नीची, तक्रार निराळीच होती. घरातला नारळ देवापुढे फुटायच्या आधी बादलीत तरंगून यायचा. "माझं मंगळसूत्र तेवढं ह्यांनी न बुडवता घातलं," त्या सांगायच्या, "कारण मांडवात माझे वडील शेजारीच उभे होते." सर हे ऐकून खुशीत मान हलवायचे. ते त्यांना कौतुक वाटायचं.

आणि पैलवानांचा तो किस्सा तर पेठेत अजून सांगतात. माणसाची घनता शिकवायला सरांनी वर्गाला पंचगंगेच्या घाटावर नेलं. तिथं एका तालमीचे पैलवान पोहत होते. सरांनी त्यातल्या सगळ्यात तगड्याला हातपाय न हलवता पाण्यात पडून राहायला सांगितलं. तो तळाला गेला. मग आमचे गोलमटोल हेडक्लार्क पाण्यात उतरले आणि पोट वर करून निवांत तरंगत राहिले. काठावरची पोरं हसली. तालमीचे वस्ताद मिशीवर हात फिरवत पुढं आले. "आमचा गडी बुडतोय आणि तुमचा कारकून तरंगतोय, ह्येचा अर्थ काय?" त्यांचा आवाज चढला होता. मी चार पावलं मागे सरकलो. सर जागचे हलले नाहीत. म्हणाले, "वस्ताद, चरबी पाण्यापेक्षा हलकी, मांस जड. तुमच्या गड्याच्या अंगावर चरबी न्हाय, ह्येचा हा दाखला. आमचे साहेब जन्मात बुडायचे न्हाईत." वस्तादांनी क्षणभर विचार केला आणि सगळ्या वर्गाला थंडाई पाजली. हेडक्लार्कांनी मात्र सरांशी महिनाभर अबोला धरला.

असा हा माणूस. सगळ्या गावाची घनता तोंडपाठ. तो चुकला कसा, ते सांगण्यासाठी मी हे लिहायला बसलोय.

बोर्डिंगात प्रत्येक मुलाच्या घरून सत्राला दहा पायल्या धान्य यायचं. पायली म्हणजे धान्य मोजायचं चार शेरांचं भांडं. ज्याच्या रानात जे पिकतं त्याच्या दहा पायल्या, असा जुना नियम होता. मग दशमान मापं आली, शेर-पायली सरकारनं मोडीत काढली आणि कोठीत काटा आला. आता पायलीचे किलो किती करायचे, असा प्रश्न उभा राहिला. आमच्या रेक्टरांनी तो सरांपुढे टाकला, आणि सरांना दिवाळी आधीच आल्यासारखं झालं. सुटीभर ते कोठीत होते. पायली भरायची, वर फूटपट्टी फिरवून सपाट करायची, वजन करायचं, रिकामी करायची. सत्तावीस वेळा. सरासरी काढून त्यांनी सुबक अक्षरात तक्ता लिहिला आणि भिंतीवर लावला. एक पायली, साडेतीन किलो. दहा पायल्या, पस्तीस किलो.

कोठीचं काम माझ्याकडे होतं. गणिताशी माझं लहानपणापासून वाकडं, त्यामुळे तो तक्ता मला फार आवडला. लिहिलेलं, त्यातून चौकटीत लिहिलेलं दिसलं की खरं मानायचं ही माझी जुनी खोड. एक दिवसही मला असं सुचलं नाही की कशाची पायली, हे त्यात कुठंच लिहिलेलं नाही.

सत्र सुरू व्हायच्या आदल्या रविवारी पालक धान्य घेऊन येऊ लागले. शिरोळ, हातकणंगले, कागल. काट्यावर पोतं चढायचं, पस्तीसच्या आसपास भरायचं, मी टिपून घ्यायचो. अकराच्या सुमाराला गारगोटीकडचे एक गृहस्थ आले. आठवीतल्या एका मुलाचे वडील. एसटी स्टॅंडपासून पोतं खांद्यावर घेऊन चालत आलेले, मुंडाशापर्यंत घामानं भिजलेले. पोत्यात भात होतं, साळीचं, टरफलासकट. काट्यावर चढवलं. साडेसव्वीस किलो.

मी तक्त्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "पावणं, कमी हाय की. साडेआठ किलो कमी."

"कमी कसं हुईल? घरात धा पायल्या मोजून भरल्यात. शिगोशीग."

शीग म्हणजे माप भरल्यावर काठाच्या वर उभा राहणारा धान्याचा ढीग. आमच्याकडे सपाट माप देणं कद्रूपणाचं समजतात. पण माझ्यामागे तक्ता होता. मी जरा मास्तरी आवाजातच म्हणालो, "दहा पायल्या म्हणजे पस्तीस किलो. इथं स्पष्ट लिहिलंय. माप घरात मारलं गेलं असंल."

चारपाच मुलं दारात उभी होती, त्यांत त्यांचा मुलगाही होता. ते गृहस्थ चिडले असते तर बरं झालं असतं. ते हळू म्हणाले, "माझ्याच पोराच्या ताटातलं मी माप मारीन व्हय, मास्तर?"

त्यांनी पोत्याचं तोंड पुन्हा बांधायला घेतलं आणि मुलाला सांगितलं, "वळकटी घे तुझी. चोराचं पोरगं म्हणून हितं जेवायचं न्हाय. गावात गुरं हायती राखायला."

मुलगा हुशार होता. त्याच्या गावातून सातवीच्या पुढे गेलेला तो पहिलाच. तो हलला नाही, आणि वडिलांनी दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा निमूट आत गेला. तक्ता लिहिणाराच काय तो निवाडा करील, म्हणून मी एका पोराला सरांकडे पळवलं.

सर लिटरचं माप वाजवत आले. सगळं ऐकून घेतलं. आधी काट्यावर वजनं ठेवून बघितली. काटा बरोबर होता. मग म्हणाले, "पावणं, रागवा, पण दहा मिनिटं थांबून रागवा. डोळ्याला विचारायचं न्हाय, भांड्याला विचारायचं." कोपऱ्यात पडलेली जुनी पायली काढली आणि पोत्यातलं भात मोजायला घेतलं. प्रत्येक पायलीवर पट्टी फिरवून सपाट. गृहस्थ कळवळून म्हणाले, "शीग मोडू नका वो." सरांनी ऐकलं नाही. एक, दोन, तीन. मुलं मोठ्यानं मोजू लागली. दहा पायल्या झाल्या आणि पोत्यात वर दोन-अडीच शेर भात उरलं.

माप पुरेपूर, उलट जास्तच, आणि वजन कमी. सर उभ्या जागी थिजले. मग त्यांनी एका मुठीत भात घेतलं, दुसऱ्या मुठीत कणगीतला जोंधळा. दोन्ही मुठी वरखाली केल्या. भाताचा एक दाणा दातानं सोलला. टरफल तळहातावर ठेवून फुंकलं, ते उडून गेलं. आणि सर खाली पोत्यावर बसून हसायला लागले. टोपी काढून मांडीवर आपटत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

गृहस्थांना ते आपल्यावरच हसताहेत असं वाटलं. मुलगा वळकटी घेऊन आलाच होता. त्यांनी त्याचा दंड धरला आणि ते निघाले. सर धडपडत उठले आणि पायली घेऊन दारात आडवे झाले.

"पावणं, हसतोय ते माझ्यावर. सोळा वर्षं झाली, पोरांना सांगतोय की दर वस्तूची घनता निराळी. दगडाची सांगितली, दुधाची सांगितली, पैलवानाची सांगितली. आणि पायली भरली ती फक्त जोंधळ्यानं. आमच्या शिरोळकडं पायली म्हटली की जोंधळाच. भात टरफलातलं, टरफलात हवा, ते हलकंच भरणार. तुमचं माप बरोबर हाय. माझा तक्ता खोटा हाय."

चुकल्यावर इतका आनंदलेला माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. पण समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. "तक्ता तुमचा खोटा असंल," ते म्हणाले, "पण माप मारलं म्हणून चार पोरांदेखत मला बोलले ते ह्ये मास्तर."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. "तक्त्यात तसं होतं," मी पुटपुटलो.

"तक्त्याला अब्रू असती व्हय, मास्तर? माणसाला असती."

या वाक्यानं मला जी लाज वाटली ती मी इतक्या वर्षांनी लिहितानाही लपवू शकत नाही. मी हात जोडले. म्हणालो, चुकलो. त्यांनी मुलाचा दंड सोडला.

सर म्हणाले, "चार पोरांदेखत बोललो न्हवं? मग चाळीस पोरांदेखत फेडू." आणि त्याच रविवारी भरदुपारी त्यांनी बोर्डिंगची घंटा बडवली. जेवायला बोलावलंय समजून मुलं ताटं घेऊनच धावत आली. अंगणात सर पायली घेऊन दगडी कट्ट्यावर चढले आणि आपली चूक सविस्तर समजावून सांगितली. आकड्यांसकट, मधे एक प्रश्नही विचारून. मग भिंतीवरचा तक्ता सगळ्यांसमोर उतरवला. "आता नवा करायचा. बोर्डिंगात येतं ते दर धान्य वेगळं मोजायचं. आणि माप भरणार पावणं."

"मी?" गृहस्थ म्हणाले.

"तुम्ही. मला भात भरता येत न्हाय."

ते खरंच होतं. सरांनी भाताची पायली तीन वेळा भरली, तीन वेळा वजन वेगळं आलं. त्यांना भांडं आपटायची सवय होती, दाणे कधी दाटून बसायचे, कधी नाही. गृहस्थांनी बाह्या सारल्या. वितभर उंचीवरून, सुपानं, एका धारेनं त्यांनी पायली भरली. "भात वतायचं नसतं सर," ते म्हणाले, "सोडायचं असतं." पाच वेळा भरली. काटा पाचही वेळा त्याच रेघेवर थांबला. अडीच किलो. सर लहान मुलासारखे वाकून ती धार बघत होते आणि वहीत टिपून घेत होते. मग नाचणा, मग गहू, मग शेंगा. शेंगांची पायली हातात घेतल्यावर आख्खं बोर्डिंग हसलं, इतकी ती हलकी होती. मुलं पैजा लावायला लागली. संध्याकाळची एसटी गेली तरी गृहस्थांच्या ते लक्षात आलं नाही.

दिवेलागणीला सरांनी नवा तक्ता लिहून काढला. खाली तीन ओळी होत्या. माप भरणारे, म्हणून त्या गृहस्थांचं नाव, गावासकट. चूक करणारा, म्हणून सरांचं स्वतःचं. तिसरी ओळ लिहायच्या आधी त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. चुकीवर डोळे मिटून विश्वास ठेवणारा, आणि पुढे माझं नाव.

गृहस्थांना वाचता येत नव्हतं. त्यांनी मुलाला वाचायला सांगितलं. त्यानं पहिली ओळ खणखणीत वाचली, दुसरी वाचली, तिसरीवर अडखळला आणि माझ्याकडे बघू लागला. मी म्हणालो, "वाच की." त्यानं वाचली. सकाळपासून पहिल्यांदाच त्या माणसाला हसू आलं.

त्यांनी आपलं पोतं उचलून स्वतःच कोठीत नेऊन ठेवलं. वरचं दोन-अडीच शेरही परत घेतलं नाही, शीग कुणी परत नेत नाही म्हणाले. मग सरांना म्हणाले, "पोरगं ऱ्हातंय हितं. चुकलं तर चुकलं म्हणणारा मास्तर मी पयल्यांदाच बघितला. त्येला घालतोय तुमच्या पदरात."

मी दाराशी दिवा धरून उभा होतो. मुक्कामाला आत जाता जाता त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, दिवसभर माप भरून खरखरीत झालेला.

"तुमीबी शिकशीला, मास्तर," ते म्हणाले. "हळूहळू."